मॅनेजर झालो आणि दिवसभर नेमकं काय केलं तेच सांगता येईना

अर्धविराम
अकरा वर्षं कोड लिहिला. सात महिन्यांपूर्वी नऊ जणांची टीम हातात आली. लोकांनी अभिनंदन केलं, मीही खूश होतो. आता रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटताना एकच प्रश्न पडतो, आज मी केलं काय? आधी निदान सांगता यायचं की बाबा हा बग मारला, ही स्क्रीन पुरी केली. आता फक्त घसा बसलेला असतो.

मागच्या मंगळवारी गंमत म्हणून वहीत रेघा ओढल्या. कोणी हातातलं काम थांबवून काही मागितलं की एक रेघ. संध्याकाळपर्यंत ३१ झाल्या. त्यात मीटिंगा धरलेल्या नाहीत. कोणाला अ‍ॅक्सेस हवा, कोणाला 'फक्त दोन मिनिटं' हवीत, एका साहेबांना आदल्या दिवशी मेल केलेला रिपोर्ट परत हवा, कारण शोधायचा कंटाळा.

बाकीची दुखणी थोडक्यात. जुनं बिलिंग टीममधल्या एकाच माणसाला कळतं. तो आजारी पडला की ताप मला येतो. सेल्सवाले क्लायंटला तारीख देऊन मोकळे होतात आणि मग मला विचारतात, "जमेल ना?" वरचे म्हणतात, उशीर होतोय तर अजून चार माणसं घे. रात्रीचे अलर्ट, म्हणजे सिस्टीममध्ये काही झालं की येणारे फोन, आहेतच.

मुरलेल्या मंडळींनी सांगा, तुम्ही हे कसं निभावता? अमका कोर्स करा, तमकी पद्धत आणा असं नको. सोमवारी सकाळी जाऊन लगेच करता येईल असं काहीतरी हवंय.

जुनाखोंड
सातच महिने? अजून वर्ष जाऊ द्या, तक्रार करायलाही वेळ मिळणार नाही.

रात्रपाळी
३१ रेघा ओढल्यात हे फार चांगलं केलंत. आता पुढची पायरी. आणखी दोन दिवस रेघा ओढा, पण शेजारी कोण आणि कशासाठी तेही लिहा. मी हे केलं तेव्हा निम्म्याहून जास्त रेघा तीनच गोष्टींच्या निघाल्या: अ‍ॅक्सेस, "डेटा जरा काढून दे" आणि "हे का चालत नाही बघ". तिन्हींसाठी मॅनेजर लागतच नव्हता. लोक माझ्याकडे यायचे कारण मी लगेच उत्तर द्यायचो.

मग आम्ही 'आजची ढाल' सुरू केली. टीममधला एक जण त्या दिवशी स्वतःचं काम बाजूला ठेवून बाहेरून येणारं सगळं झेलतो, बाकीच्यांना कोणी हात लावायचा नाही. रोज माणूस बदलतो. ढालीवर असलेल्याकडून त्या दिवशी दुसऱ्या कामाची अपेक्षा ठेवायची नाही, ही अट मोडलीत तर सगळं मुसळ केरात.

पहिला आठवडा कोणी जुमानलं नाही, लोक थेट माझ्या टेबलाशी. मी प्रत्येकाला एवढंच विचारायचो, "आज ढाल कोण आहे?" स्वतः उत्तर माहीत असताना गप्प राहणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. अकरा वर्षांची सवय जीभेच्या टोकावर येऊन बसते.

अवांतर: ढालीवर नवीन मुलं सगळ्यात लवकर तयार होतात, कारण चार दिशांनी चार प्रकारचं काम येतं.

कुंपणावरची
मी मॅनेजर नाही, ज्यांना मॅनेज केलं जातं त्यांच्यातली आहे. थोडी दुसरी बाजू मांडते.

अशा वेळी मॅनेजर म्हणतात, "सगळ्यांनी तिकीट टाका", म्हणजे काय हवं ते फॉर्म भरून नोंदवा. हे ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडे तिकिटाच्या फॉर्मवर १४ रकाने होते. त्यातले सहा सक्तीचे, आणि 'परिणामाचा वर्ग' या रकान्यात काय भरायचं हे फॉर्म बनवणाऱ्यालाही सांगता येईना. मग लोक टेबलाशी येणार नाहीत तर काय करतील? तुमच्या ३१ रेघांपैकी किती तुमच्याच फॉर्ममुळे ओढल्या गेल्या तेही बघा.

नंतर कोणीतरी शहाणपणा करून तीनच रकाने ठेवले. काय हवंय, कधीपर्यंत हवंय, नाही मिळालं तर काय अडेल. तिसरा रकाना भरताना निम्मी माणसं स्वतःच फॉर्म बंद करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रात्रपाळी
@कुंपणावरची, मान्य. आमचा फॉर्म ११ रकान्यांचा होता. उद्या जाऊन बघतो.

शून्यातून_एक
यात एक हिशेब घाला, वरच्यांशी बोलताना कामाला येतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगेचा एक साधा नियम सिद्ध केला. हातातली एकूण कामं भागिले आठवड्याला पुरी होणारी कामं, बरोबर एक काम सरासरी किती आठवडे रेंगाळणार. तुमच्या बोर्डावर ४० कामं उघडी असतील आणि आठवड्याला ८ पुरी होत असतील, तर आज आलेल्या कामाला साधारण पाच आठवडे. मग त्याच्यावर 'तातडीचं' असा लाल शिक्का मारा नाहीतर सोन्याचा. शिक्क्याने ते पुढे सरकलं तर त्याच्यामागचं कोणीतरी मागे गेलं, इतकंच.

माझ्या साहेबांना 'टीमवर लोड आहे' हे वाक्य तीन वर्षांत कधी कळलं नाही. हा भागाकार त्यांनी एका मिनिटात समजून घेतला आणि स्वतःहून विचारलं, "मग यातली कुठली फेकायची?" १७ कामं त्याच मीटिंगमध्ये फेकली. कोणाला त्यांची आजतागायत आठवण आलेली नाही.

जुनाखोंड
त्या १७ पैकी एक माझं होतं असं मला उगाच वाटतंय.

सर्व्हरसखा
एकाच माणसाला सगळं कळतं यावर सविस्तर लिहितो, कारण त्यात माझे हात पोळलेत.

आमच्याकडे रात्री चालणारी एक जुनी प्रक्रिया होती. दिवसाचे व्यवहार जुळवायची. ती सांभाळणारा माणूस दोन आठवडे रजेवर गेला. जाण्याआधी रीतसर केटी (काम समजावून देण्याची बैठक) झाली, चार तासांची, रेकॉर्डिंगसकट. शिवाय २३ पायऱ्यांचं डॉक्युमेंट. मी निर्धास्त. तिसऱ्या रात्री प्रक्रिया अडकली. डॉक्युमेंट उघडलं. पायरी ६: सर्व्हिस थांबवा. पायरी ७: नेहमीप्रमाणे फाईल नीट करून घ्या. पायरी ८: सर्व्हिस सुरू करा.

आता ही फाईल कुठली, नीट म्हणजे कशी आणि नेहमीप्रमाणे म्हणजे कोणाच्या नेहमीप्रमाणे? रेकॉर्डिंग पुढेमागे करून बघितलं. त्यात तो म्हणतो, "हे तर माहीतच आहे," आणि पुढच्या स्लाइडवर जातो. पहाटे चारपर्यंत तीन जण एका फाईलकडे टक लावून बसलो होतो. शेवटी कळलं की एका ओळीच्या शेवटी जास्तीची रिकामी जागा येत होती, ती तो हाताने काढायचा. सहा वर्षं, आठवड्यातून दोनदा.

तेव्हापासून मी डॉक्युमेंट मागणं बंद केलं. आता उलटं करतो. ज्याला येत नाही त्याने कीबोर्डवर बसायचं, ज्याला येतं त्याने शेजारी हाताची घडी घालून. बोलायचं नाही. नवखा जिथे अडेल तिथे नवख्यानेच डॉक्युमेंटमध्ये ओळ घालायची. माहीत असलेला माणूस लिहितो तेव्हा त्याला जे दिसत नाही, नेमकं तेच गाळतो. आणि दुसरं, अशा माणसाला मुद्दाम चार दिवस रजेवर पाठवायचं. फोन बंद. काय काय अडतं त्याची यादी करायची. ती यादी म्हणजे तुमचं खरं डॉक्युमेंट.

टेबलामागून
पण अशी माणसं मुद्दाम माहिती दाबून ठेवतात हो. नोकरीची हमी. सगळं सांगून टाकलं तर उद्या आपली गरज काय?

सर्व्हरसखा
@टेबलामागून, मलाही तसंच वाटायचं. त्या माणसाला मी नंतर थेट विचारलं, ही रिकामी जागा कोडमध्येच का नाही काढलीस? म्हणाला, "तीनदा तिकीट टाकलं. तिन्ही वेळा तुम्हीच 'पुढच्या तिमाहीत बघू' लिहून बंद केलंत." तिकिटं काढून बघितली. खरं होतं.

कुंपणावरची
हे वाचून मला आमच्याकडचे तीन जण आठवले. दाबून कोणीच ठेवत नव्हतं, सांगायला वेळच कोणी देत नव्हतं. अप्रेझलमध्ये नवीन फीचरला टाळ्या, आणि शेजाऱ्याला शिकवण्यात घालवलेल्या आठवड्याला 'या आठवड्यात प्रगती कमी'.

अर्धविराम
@सर्व्हरसखा, अंगावर काटा आला. आमचं बिलिंग अगदी असंच आहे. रजेचा प्रयोग करतो. त्याला सांगितलं तर तो घाबरेल का, की आपल्याला काढताहेत?

सर्व्हरसखा
घाबरेल, नक्की घाबरेल. म्हणून आधी वन-ऑन-वनमध्ये, दोघंच बसून, खरं कारण सांगा. आणि परत आल्यावर त्याला काहीतरी नवं, त्याच्या आवडीचं काम द्या, आणि तेही आधी ठरवून. नाहीतर त्याची भीती रास्तच आहे.

बॅकअपवाली
मंडळी, माणसांच्या बॅकअपवर बोलताय तर खऱ्या बॅकअपवरही बोला. नव्या मॅनेजरने पहिल्या महिन्यात एकच गोष्ट करायची असेल तर मी म्हणेन, बॅकअप परत आणून दाखवा. 'बॅकअप झाला' असा हिरवा मेल येतो त्यावर जाऊ नका.

कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबचं प्रकरण आठवत असेल. ३१ जानेवारी २०१७. रात्री उशिरा दमलेल्या इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर उडवलं. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतलं साडेचार जीबी शिल्लक. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण त्यातल्या टूलची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती. तो फसल्याचे मेलही निघत होते, पण पडताळणीत नापास होऊन वाटेतच नाकारले जात होते. पाचेक उपाय कागदावर, एकही धड नाही. कोणीतरी सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी एक स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्याने तारलं. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, डेटा परत आणण्याचं काम लोकांसमोर थेट दाखवलं, याबद्दल मात्र मला त्यांचं कौतुक आहे.

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक जागेबाहेर, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. मी त्यात चौथं जोडते: तिमाहीत एकदा घड्याळ लावून रिस्टोअर. आमच्याकडे पहिल्या वेळी 'दोन तास लागतील' असा अंदाज होता. लागले १९.

पॅच_मारुती
मीही एक जोडतो, आणि @अर्धविराम यांनी हे आजच वहीत लिहावं. सर्टिफिकेटं. वेबसाइट खरी आणि तिच्याशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित असल्याचं दाखवणाऱ्या टीएलएस सर्टिफिकेटची जास्तीत जास्त मुदत आधी ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. कॅलेंडरवर आठवण लावून हाताने बदलणाऱ्यांचे दिवस भरले. वर्षातून एकदा विसरणं परवडतं, दर दीड महिन्याला विसरायला लागलात तर घरी झोपायला जाणार कधी? नूतनीकरण आपोआप होईल असं आत्ताच करून घ्या.

दुसरं म्हणजे अपडेट. पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, उशिरा लावला तर मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस, ज्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. झटपट सगळीकडे गेला तर १९ जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं प्रकरण, एका सदोष फाईलने सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर बंद. फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली होती, पण जी पडली ती एकेक करून सेफ मोडमध्ये उठवावी लागली. ज्यांच्याकडे कुलूपबंद डिस्क उघडायच्या रिकव्हरी कीची यादी धड नव्हती त्यांचे हाल विचारू नका. माझं मत: आधी पाच टक्के मशीनं, एक दिवस थांबा, मग बाकी. जिथे पुरवठादार ही मुभाच देत नाही, तिथे ते लेखी मागा.

जुनाखोंड
शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करणाऱ्यांसाठीही एखादी तारीख सांगा, श्राद्ध घालायला.

टेबलामागून
धागा सर्व्हर रूममध्ये शिरलाय, जरा बाहेर काढतो. मी त्याच खलनायकांपैकी, म्हणजे सेल्समधला. तारखांबद्दल आमचंही ऐका.

क्लायंट मला विचारतो, कधी? मी टीमला विचारतो. उत्तर येतं, "बघतो", "अवलंबून आहे", "एस्टिमेट काढावं लागेल". तीन दिवस जातात. क्लायंट समोर बसलाय, मी काय सांगू? म्हणून मी आकडा फेकतो. तुम्ही रिकामी जागा सोडलीत की ती कोणीतरी भरणारच.

आणि ते स्टेटस रिपोर्ट! एका प्रोजेक्टचा रिपोर्ट नऊ आठवडे हिरवा आणि दहाव्या आठवड्यात थेट लाल. मध्ये पिवळा आलाच नाही. मला उशिराचा राग नाही आला. चौथ्या आठवड्यात कळलं असतं तर मी क्लायंटशी बोलून दोन गोष्टी पुढे ढकलल्या असत्या. दहाव्या आठवड्यात माझ्या हातात माफीखेरीज काही उरलं नव्हतं.

शून्यातून_एक
@टेबलामागून, शंभर टक्के सहमत, आणि हे आयटीवाला म्हणतोय. मी आता एकच तारीख देणं सोडलंय. दोन देतो. "सगळं नीट गेलं तर ५ तारीख, त्या बाहेरच्या सिस्टीमने त्रास दिला तर २६. कुठल्या बाजूला झुकतोय ते पुढच्या गुरुवारी सांगेन." पुढच्या गुरुवारी खरंच सांगायचं, काही नवीन नसलं तरी. समोरच्याला तारखेपेक्षाही पुढची बातमी कधी मिळणार हे हवं असतं.

पिवळ्याचंही सांगतो. आमच्याकडे पिवळा लावला की अर्ध्या तासात चार साहेब कॉलवर आणि प्रत्येकाला वेगळं प्रेझेंटेशन हवं. मग कोण लावेल पिवळा? पिवळ्याची शिक्षा काढल्याशिवाय तो रिपोर्टात दिसणार नाही.

नियमात_बसत_नाही
चार माणसं घ्या, यावर कोणीच बोललं नाही, म्हणून मी. उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की अजून उशीर होतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवलंय, तेही आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम स्वतः हाकल्यावर. नऊ माणसांत बोलायच्या जोड्या होतात ३६. तेरा केलीत तर ७८. माणसं दीडपटीहून कमी वाढली, जोड्या दुपटीहून जास्त. आणि नव्या चौघांना शिकवणार कोण? तोच बिलिंगवाला, जो आधीच बुडालाय.

साहेबांना नाही म्हणू नका. विचारा, "घेऊ, पण पुढच्या रिलीजनंतर चालेल? आत्ता घेतली तर ही रिलीज तीन आठवडे मागे जाईल." निर्णय त्यांचा, किंमत तुम्ही सांगितलीत.

रात्रपाळी
हे नेहमीच खरं नसतं हां. काम नीट तुकड्यांत तुटत असेल आणि तारीख लांब असेल तर माणसं घेऊन फायदा होतो. आम्ही चाचणीसाठी दोघं घेतली, महिन्याभरात फरक दिसला. ब्रुक्स यांचं वाक्य ढाल म्हणून वापरणारे मॅनेजरही पाहिलेत, ज्यांना मुळात माणसं निवडायचा कंटाळा असतो.

अलर्ट बद्दल अर्धविराम यांचा प्रश्न राहिला. सोपा नियम सांगतो. रात्री ज्याला उठवलं त्याने सकाळी एकच वाक्य लिहायचं, उठून मी काय केलं? 'काही नाही, बघितलं आणि झोपलो' असं असेल तर तो अलर्ट त्याच दिवशी रात्रीच्या यादीतून काढायचा. आमच्याकडे २:४० ला डिस्क ८० टक्के भरल्याचा फोन यायचा. तीच डिस्क सकाळी नऊलाही ८१ टक्केच असायची. पहिल्या महिन्यात रात्रीचे फोन ४६ वरून १३ वर आले. आणि खरा फोन आला की माणूस उठायला लागला, हा खरा फायदा.

शून्यातून_एक
आणि 'सिस्टीम कायम चालू हवी' म्हणणाऱ्याला हिशेब दाखवा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे जेमतेम ५२ मिनिटं. पाच नऊ, म्हणजे ९९.९९९, तर सव्वापाच मिनिटं, तेवढ्यात रात्रीचा माणूस चष्मासुद्धा शोधू शकत नाही. कुठली पायरी हवी, आणि तिच्या पगाराची माणसं देणार का? अंतर्गत रिपोर्टिंगला पाच नऊ मागणारे साहेब या प्रश्नानंतर दोन नऊवर, म्हणजे ९९ टक्क्यांवर येतात.

पापडतोंड_नाही
वाचतोय बरेच दिवस, पहिल्यांदाच लिहितोय. सगळे पद्धतींबद्दल बोलताय, मी माझी एक चूक सांगतो.

मॅनेजर होऊन चार महिने झाले होते. टीममधल्या एका मुलाने प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या चालू सिस्टीमवर, डेटाचा चुकीचा टेबल रिकामा केला. टेस्टची विंडो समजून. होतं असं. पण त्याने ते मला ४० मिनिटांनी सांगितलं. तेवढ्या वेळात त्या टेबलावर अवलंबून असलेल्या दोन प्रक्रिया चालून गेल्या आणि घोळ चौपट झाला. मी भडकलो. लगेच का नाही सांगितलंस? तो काही बोलला नाही. नंतर त्याच्या शेजारी बसणारी म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वी तुम्ही अमक्याची चूक नाव घालून सगळ्यांना मेल केली होतीत. तो मेल अजून सगळ्यांच्या लक्षात आहे."

ती ४० मिनिटं माझ्या मेलने बनवली होती. तेव्हापासून प्रत्येक घोळानंतर मी एक आकडा लिहून ठेवतो, चूक कळल्यापासून मला सांगेपर्यंत किती मिनिटं गेली. बाकीचे कुठलेच आकडे मी इतक्या काळजीने बघत नाही. दोन वर्षं लागली, आता साधारण तीन मिनिटांवर आलंय. बैठकीत 'कोणी केलं' हा प्रश्न विचारायची बंदी आहे, माझ्यासकट. 'ते करणं शक्य कसं झालं' हे विचारायचं. उत्तर होतं, टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या विंडोचा रंग एकच. रंग बदलायला १० मिनिटं लागली.

बॅकअपवाली
हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. नियमित लिहा.

जुनाखोंड
लाल रंग करून घ्या विंडो. मी कपाळालाच लावायच्या विचारात होतो.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार, वही भरली. एक विचारायचं राहिलं, जरा लाज वाटते. मला कोड लिहायची आठवण येते. रोज थोडा लिहिला तर चालेल का? की पूर्ण सोडू?

सर्व्हरसखा
लिहा, पण असं काहीतरी जे तुम्ही तीन आठवडे टाकून दिलंत तरी कोणाचं अडणार नाही. माझ्याकडे रिलीजच्या मधलं एक काम होतं, मी मीटिंगांत, आणि सहा माणसं माझी वाट बघत. मॅनेजरच टीमचा अडथळा झाला की कोणी तोंडावर सांगत नाही.

कुंपणावरची
आणि रात्री ११ ला टीमचा कोड 'जरा सुधारून' ठेवू नका प्लीज. सकाळी आम्हाला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. रिव्ह्यू करा, म्हणजे आमचा कोड वाचून तपासा, तो खरंच उपयोगी. आता एआय टूलमुळे एकेक जण ९०० ओळींचा बदल दुपारपर्यंत टाकतो, आणि तो वाचायला कोणीच नसतं. लिहिणं स्वस्त झालं, वाचणं तेवढंच महाग राहिलंय. तिथे तुमची अकरा वर्षं लागू द्या.

अर्धविराम
तीन आठवड्यांनी हिशेब द्यायला आलोय.

ढाल सुरू केली. मंगळवारी परत रेघा ओढल्या, १९. त्यातल्या सहा एकाच माणसाच्या, आणि तो माझा साहेब आहे, त्यामुळे त्यावर उपाय हळूहळू. उघड्या कामांचा भागाकार त्याला दाखवला. सात आठवडे आले. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, चार माणसांचं नंतर बघू. सेल्सला दोन तारखा दिल्या, त्यांनी क्लायंटला अर्थातच पहिलीच सांगितली. @टेबलामागून, तुमच्या जमातीचं काय करायचं?

टेबलामागून
दुसरी तारीख मेलमध्ये आधी लिहा, पहिली नंतर. आम्ही पहिल्या ओळीच्या पुढे वाचत नाही.

अर्धविराम
हे करून बघतो.

आता मुख्य गोष्ट. बिलिंगवाल्याला कारण सांगून चार दिवस रजेवर पाठवलं. पहिले दोन दिवस शांत. तिसऱ्या दिवशी महिनाअखेरची रन अडकली. एका नव्या मुलीला कीबोर्डवर बसवलं, मी मागे हाताची घडी. तिने विकीवर डॉक्युमेंट शोधलं. पायरी ४: 'त्यानंतर नेहमीची स्क्रिप्ट चालवा.' मी मनातल्या मनात बिलिंगवाल्याला चार शिव्या हासडल्या, आल्यावर बघतोच म्हटलं. तिने खाली स्क्रोल केलं. लेखक म्हणून माझं नाव, सहा वर्षांपूर्वीची तारीख.

सर्व्हरसखा
😄 स्वागत आहे.

जुनाखोंड
मग ती नेहमीची स्क्रिप्ट कुठली?

अर्धविराम
तेच तर आठवत नाहीये. तो उद्या रजेवरून येतोय, त्याला विचारणार आहे.